चेंडूकडे पाठ करून

शिकवणारा माणूस शिकणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, हातांकडे बघतो, निदान वहीकडे तरी बघतो. इनास मास्तर पाठ करून उभा राहायचा. मागे पोरगं काठी उगारून तयार, आणि हा त्याच्याकडे पाठ करून, हात मागे बांधून, समोर उभ्या असलेल्या गाड्या बघत. काठी फिरायची, चेंडू सुटायचा, आणि वळायच्या आधीच मास्तरचा निकाल यायचा, "पोकळ. परत मार."

हे सगळं लंडनमधलं. इंग्लंडचं लंडन नव्हे, कॅनडातलं, ऑंटारियोचं. वसईला आमच्या भाऊबंदांना अजून वाटतं की मिंगेल गोऱ्यांच्या राजाच्या गावात राहतो. मी खोडून काढत नाही. इथल्या नदीचं नावही थेम्सच आहे, त्यामुळे फोटो पाठवला तरी खपून जातं.

मी चौथी शिकलेला माणूस. पाचवीला मला कोणी बसवलं नाही आणि मीही बसलो नाही. आपल्या मराठी मंडळाच्या अंकात ओळखीच्या एका माणसावर लिहा म्हणाले, तेव्हा मंडळातला पुण्याचा एक इंजिनियर मला म्हणाला, "काका, तुम्ही नुसतं बोला, आम्ही टाइप करून घेतो." मी म्हटलं, माझा हात मोडलेला नाही. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी बघावं. माणूस माझा आहे, तो मी बघतो.

मुलाने मला इथे आणलं तेव्हा त्याचा बेत असा होता की बापाने बेसमेंटमध्ये बसून टीव्ही बघावा आणि थंडीत बाहेर पडू नये. मी आयुष्यभर केळीच्या बागेत उभा राहिलेलो. बसून माझी कंबर धरते. मी शहराबाहेरच्या एका गोल्फ क्लबात गेलो आणि गवत कापणाऱ्यांच्या टोळीत लागलो. सून म्हणाली, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक विचारतील तेव्हा मला बोलाव, मी सांगेन काय ते.

त्या क्लबाबद्दल माझं मत पहिल्या दिवशी होतं तेच आजही आहे. इतकी जमीन, इतकं पाणी, आणि एक केळ नाही. निम्मं वर्ष बर्फ असतं, मान्य. पण उरलेल्या दिवसांत वांगी-भेंडी तरी झाली असती. त्याऐवजी चांगली शिकलेली माणसं एका भोकात चेंडू घालायला दिवसभर चालतात आणि दमून जेवायला बसतात.

तिथेच हा भेटला. मी सराव करायच्या मैदानाच्या कडेला मशीन चालवत होतो. उंच, काळासावळा, पांढरी टोपी घातलेला एक माणूस हात हलवत धावत आला आणि इंग्रजीत ओरडायला लागला, बंद कर, बंद कर, मला ऐकू येत नाही. मी म्हटलं, "नो. बॉस से कट." त्याने परत सांगितलं. मी परत तेच सांगितलं. पाऊस यायच्या आत मला ती पट्टी संपवायची होती, आणि चेंडू मारताना काय ऐकायचं असतं हे माझ्या डोक्यात शिरेना. शेवटी तो कंटाळून वळला. इंजिन चालू असल्यामुळे त्याला पुटपुटायचं तेही ओरडूनच पुटपुटावं लागलं, "कुठून आणतात असले आडमुठे, देव जाणे!"

मी इंजिन बंद केलं आणि म्हटलं, "वसईहून आणतात."

तो जागच्या जागी थांबला. मग वळून हळूच म्हणाला, "वसईत कुठे?"

"ते मागाहून. आधी आडमुठा कोणाला म्हणालास ते सांग."

इतका हसला की टोपी पडली. तोही वसईचाच निघाला. तेव्हापासून त्याच्या नि माझ्यात अरे-तुरे सुरू झालं. मी त्याला मास्तर म्हणायचो, कारण इथली पोरं त्याला 'कोच इग्गी' म्हणायची आणि ते मला बरं वाटत नसे. इनास हे चांगलं नाव. आमच्या आळीत तीन इनास होते, कोणाला इग्गी म्हणून हाक मारली असती तर त्याने दगड मारला असता.

मास्तर दोन ठिकाणी शिकवायचा. क्लबात येणाऱ्या डॉक्टर-वकिलांना तासावर, ते पोटासाठी. आणि विद्यापीठाच्या मुलामुलींच्या संघाला, ते कशासाठी ते मी विचारलं नाही, कारण तिथलं मानधन ऐकून मला हसू आलं होतं. पण डॉक्टर-वकिलांच्या तासाला तो घड्याळ बघायचा आणि पोरांच्या सरावाला घड्याळ काढून पिशवीत टाकायचा. तेवढ्यावरून मी समजलो.

पाठ करून उभं राहायची खोड त्याला मुंबईला लागली होती. लहानपणी तो मामाकडे राहून तिथल्या एका क्लबात आगेवाला होता. आगेवाला म्हणजे साहेब चेंडू मारायच्या आधीच लांब पुढे जाऊन उभा राहणारा पोरगा. चेंडू कुठे पडतो ते त्याने बघायचं. सापडला तर एक हात सरळ वर करायचा, म्हणजे मागच्या साहेबांना कळतं की चेंडू आहे, या. झाडीत गेला तर हात आडवा.

"उन्हाने डोळे दिपायचे," मास्तर मला म्हणाला होता. "चेंडू दिसायचाच नाही. पण फटक्याचा आवाज यायचा. मग मी आवाजावरून पळायला लागलो. आवाज भरीव असला की सरळ. पोकळ असला की उजवीकडच्या झाडीत. बाकीची पोरं शोधत बसायची, मी जाऊन हात वर करून उभा."

"आणि साहेब शाबासकी द्यायचे?"

"साहेबाला वाटायचं मी खिशातून दुसरा चेंडू टाकतो. एकाने झडती घेतली होती."

इथल्या हिवाळ्यात त्याची ही विद्या कामाला आली. मैदानावर बर्फ, म्हणून विद्यापीठाच्या जुन्या व्यायामशाळेच्या तळघरात जाळ्या टांगलेल्या असायच्या. दोन हातांवर जाळी, चेंडू सुटला की लगेच अडकायचा. कुठे गेला असता ते कोणालाच दिसायचं नाही. अशा वेळी मास्तरचा कान हाच काय तो डोळा. हिवाळ्यात मला काम नसे. मुलाच्या दारातला बर्फ शोव्हल करून झाला की मी बस पकडून त्या तळघरात जाऊन बसायचो. तिथे हीटर चांगला होता. दुसरं काही कारण नव्हतं.

पोरांना मास्तर इंग्रजीतच शिकवायचा, पण आवाजाचे तीन शब्द मराठी. भरीव, पोकळ, फुटका. भरीव म्हणजे काठीच्या मधोमध बसलेला. पोकळ म्हणजे कडेला लागलेला. फुटका म्हणजे चेंडूआधी जमिनीला लागलेला, तडा गेलेल्या मडक्यासारखा. मी विचारलं, ह्यांना ह्यांच्या भाषेत का सांगत नाहीस? म्हणाला, "ह्यांनी नारळ कधी वाजवून घेतलेला नाही रे. ह्यांच्याकडे शब्दच नाही." मग एकदा इंडियन ग्रोसरीतून त्याने खरोखरच नारळ आणले आणि सगळ्या संघाला तळघरात बसवून एकेकाच्या कानाशी वाजवले. सोनेरी केसांची सहा फुटी पोरं डोळे मिटून नारळ ऐकताहेत, असं दृश्य मी पुन्हा बघणार नाही. शेवटी त्यातले दोन आम्ही फोडून खाल्ले आणि एक नासका निघाला. तो नासका एमा नावाच्या मुलीने आधीच ओळखला होता. "पोकल, कोच," ती म्हणाली होती. मास्तरने तिच्याकडे असं बघितलं, जसं मी पहिल्यांदा घड टाकलेल्या केळीकडे बघतो.

एमा चांगली खेळायची. तिची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे.

शरदात संघांचे सामने असायचे. एकदा आमच्याच क्लबात होते, म्हणून मी कडेला उभा राहून बघत होतो. एमा पुढे होती. एका जागी तिचा चेंडू लांब गवतात गेला. ती तिथे पोचली, वाकली, काठी गवतावर टेकवली, आणि मग थांबली. हात वर करून बरोबरच्या मुलीला बोलावलं आणि काहीतरी सांगितलं. मागाहून कळलं की काठी टेकवताना चेंडू केसभर हलला होता. तिच्याखेरीज कोणी बघितलं नव्हतं. या खेळात पंच मागे फिरत नाही, आपला फाउल आपणच सांगायचा असतो. तिने सांगितला, तिला एक फटका वाढवून मिळाला, आणि त्या एका फटक्याने ती हरली.

मला वाटलं, मास्तर तिची पाठ थोपटेल, चार शब्द बोलेल. तो गेला आणि पिशवीतून सुकेळी काढून तिला एक दिली. सुकेळी म्हणजे आपल्याकडची वाळवलेली केळी. वसईहून कोणी आलं की तो ती मागवायचा आणि सामन्याच्या दिवशी पोरांना वाटायचा. त्या दिवशी जिंकलेल्यांना दिली तशीच हिलाही दिली. परत येताना मी त्याला झापलं, "पोरगी खरं बोलून हरली, आणि तू तिला शाबास पण म्हणाला नाहीस?"

"कशाबद्दल?" तो म्हणाला. "खरं बोलणं म्हणजे वेगळं काही केलं का तिने? हाच तर खेळ आहे. शाबासकी दिली तर तिला वाटेल की दुसराही काही रस्ता होता."

मला पटलं नाही. आम्ही घरापर्यंत भांडलो.

घर म्हणजे त्याचं, अपार्टमेंटमधलं. बायको तेरेज मी भेटायच्या आधीच गेलेली. मुलगी लिनेट बर्नाबीला, कॉम्प्युटरच्या कंपनीत. ती या देशाच्या दुसऱ्या टोकाला, इथे जेवणाची वेळ झाली की तिथे दुपार. टेबलाला खुर्च्या दोन होत्या. एका खुर्चीवर तो, दुसरीवर काठ्यांची पिशवी. मी गेलो की तो पिशवी उचलून जमिनीवर ठेवायचा आणि मी उठलो की मी बाहेर पडायच्या आत ती परत खुर्चीवर बसायची. टीव्हीवर गोल्फ चालू असायचं, आवाज बंद करून. "हे लोक फार बोलतात," म्हणायचा. त्यामुळे त्याचे कान कधी जायला लागले ते माझ्याही लक्षात आलं नाही.

आलं ते फोनवरून. एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मी त्याच्याकडे बसलो होतो. लिनेटचा फोन आला. तो थोडा वेळ "हां, हां" करत राहिला आणि एकदम फोन माझ्या हातात देऊन म्हणाला, "जरा ऐक, काय म्हणते ती." मला वाटलं, काहीतरी लपवायचं म्हणून मला मध्ये घालतोय. पण नाही. त्या दिवसापासून मी त्याचा कान झालो. माझं इंग्रजी म्हणजे गवत, पाऊस, बॉस आणि ब्रेक. लिनेटचं मराठी म्हणजे देवा, जेव आणि पप्पा. मध्ये मी.

"अंकल, इज ही ईटिंग प्रॉपरली?"

"जेवतोस का विचारते."

"सांग, तुझ्यापेक्षा बरं जेवतो."

"ही ईट. मोअर दॅन मी."

"अँड हॅज ही सीन द डॉक्टर? फॉर द इयर्स?"

हे मी त्याला सांगितलं नाही, नुसतं बोट कानाला लावून दाखवलं. तो उठला आणि खिडकीपाशी जाऊन, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

शेवटी डॉक्टरला दाखवून झालं, कानाची यंत्रं आली. बोटाच्या पेराएवढी, कातडीच्या रंगाची, डबीत ठेवायची. पहिल्या दिवशी ती घालून तो माझ्याशी बोलला आणि म्हणाला, "तुझा आवाज इतका चिरका आहे हे मला माहीत नव्हतं." खूश होता. लिनेटशी तासभर बोलला, मला हाकलून. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सराव होता. मी मशीन लांब उभं करून बघत होतो. मास्तर पाठ करून उभा. एकाने मारला. मास्तर गप्प. दुसऱ्याने मारला. गप्प. मग त्याने दोन्ही यंत्रं काढली, डबीत ठेवली, डबी खिशात टाकली.

"डबडं वाजवल्यासारखं ऐकू येतं," मला सांगितलं. "माणसाचं बोलणं कळतं, पण चेंडू सगळे एकसारखे. भरीव नाही, पोकळ नाही, सगळे पत्र्याचे. यंत्र काढलं की बोलणं जातं, पण चेंडू अजून येतो. थोडा येतो, पण खरा येतो."

"मग सरावाला काढ, घरी घाल."

"दिवसभर पत्रा ऐकला की कान बिघडतो."

म्हणजे त्याला एकतर माणसं ऐकू येणार होती, नाहीतर चेंडू. त्याने चेंडू घेतला. यंत्रांची डबी नेहमी खिशात, पण खिशातच. नाताळला मी त्याला आमच्याकडे जेवायला आणलं. इंद्यालचं मटण केलं होतं, सोबत खायला फुगे तळले होते. टेबलावर माझी नातवंडं इंग्रजीत, सून-मुलगा मिसळून, मी मराठीत. मास्तर मध्ये बसून सगळ्यांकडे बघून हसत होता. माझ्या सुनेने तिच्या आईच्या आजारपणाचं सांगितलं, तेव्हाही हसला. सुनेने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या ताटात आणखी वाढलं. पुढल्या नाताळला बोलावलं तर म्हणाला, "नको रे, तुमच्याकडे फार गर्दी असते." आम्ही सहा माणसं.

मी तेव्हा त्याला विचारलं होतं, असं किती दिवस चालणार? तर म्हणाला, "चेंडू ऐकू येतो तोपर्यंत संघ माझा. नाही आला की टोपी काढून ठेवीन. बर्नाबीला जाऊन लिनेटच्या घरी खुर्चीवर बसेन." खुर्चीवर बसेन हे त्याने असं म्हटलं, जसं दुसरा कोणी 'मला जमिनीत पुरा' म्हणाला असता.

मग त्या हिवाळ्यात तळघरात एक नवं यंत्र आलं. काळी पेटी, चेंडूच्या मागे ठेवायची. चेंडू जाळीत अडकला तरी तो मोकळ्या मैदानात कुठे पडला असता ते पडद्यावर चित्रात दाखवायचं. रायनने आणलं. रायन म्हणजे मास्तरचाच जुना विद्यार्थी, आता त्याच्या हाताखाली मदतनीस. चांगला मुलगा. मला बर्फातून घरी सोडायचा, गाडीत मुद्दाम हिंदी गाणी लावायचा, मला हिंदी गाणी आवडत नाहीत हे त्याला सांगायला मला जिवावर यायचं. त्याने मास्तरला विचारूनच पेटी लावली. मास्तर म्हणाला, लाव.

एमा मारत होती. मास्तर पाठ करून. तिने मारला, आणि मास्तर म्हणाला, "भरीव."

मी लांब हीटरपाशी होतो. मला ह्या खेळातलं काही कळत नाही, पण मडकं मलाही कळतं. ते मडकं फुटलेलं होतं. पडद्यावर चेंडू जेमतेम पुढे जाऊन पाण्यात पडला. रायनने पटकन पडद्यासमोर उभं राहून तो झाकला. सगळी पोरं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. आणि एमा, जी फाउल सांगून हरली होती, ती हळू म्हणाली, "कोच, दॅट वॉज फुटका."

मास्तरने ते ऐकलं नाही. तो अजून पाठमोराच होता, आणि तिचं बोलणं काही चेंडूसारखं वाजत नव्हतं. तिने पुढे जाऊन, त्याच्या समोर उभं राहून, त्याला दिसेल असं ओठ हलवून परत सांगितलं.

तो म्हणाला, "बरोबर. परत मार."

त्यानंतर पोरांनी एक सुरू केलं. कोणी सांगितलं नव्हतं, आपसांत ठरवलं असणार. चेंडू मारला की मारणाराच आधी मोठ्याने ओरडायचा, "पोकल!" किंवा "बरीव!" मग मास्तर मान हलवायचा, हो, बरोबर. बाहेरच्याला वाटलं असतं, काय छान शिकवण आहे, मुलं आपली चूक आपणच ओळखतात. मास्तरला काय वाटलं ते मला माहीत आहे. बसस्टॉपवर तो मला म्हणाला, "पोरं मला वाचवताहेत, मिंगेल." मी म्हटलं, वाचवू दे की. तो बस येते का बघत राहिला. बहुतेक ऐकू आलं नाही. मी परत सांगितलं नाही.

एवढं होऊनही तो उन्हाळाभर आणि पुढचा शरदभर टिकला. मग हंगाम संपला, मेपलची पानं पडली, क्लब बंद व्हायचा शेवटचा आठवडा आला. सकाळी मी सरावाच्या मैदानावरचे सगळे चेंडू गोळा करून मैदान साफ केलं होतं. हिरवं नुसतं, एक पांढरा ठिपका नाही. मास्तर आला. एक काठी आणि एक टोपली घेऊन.

"मार," म्हणाला आणि काठी माझ्यासमोर धरली.

मी इतकी वर्षं तिथे गवत कापलं, पण एकदाही काठी हातात धरली नव्हती. सगळे म्हणायचे, मिंगेल, ट्राय कर. मी म्हणायचो, मी गवत वाढवतो, बडवत नाही. त्याला हे माहीत होतं.

"मी का?"

"तुझ्या हाताला जोर आहे. जन्मभर केळीचे खुंट तोडलेस. तुझा आवाज मोठा येईल. पोरं समोर असली की मध्ये ओरडतात, मला काही कळू देत नाहीत. तू ओरडू नकोस. तुझा ऐकू आला तर अजून एक वर्ष काढतो. नाही आला तर मी लिनेटला सांगतो."

मी काठी घेतली. तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, हात मागे बांधून. वारा नव्हता, मशीन बंद होतं, सगळीकडे शांत होतं. तो इथे राहायला हवा असेल तर मला दणकून मारायला हवं होतं, एवढंच माझ्या डोक्यात. मी खुंटावर कोयता घालतात तसा मारला.

आणि लागला. मधोमध. हातापर्यंत आलाच नाही धक्का, नुसता आवाज आला. तसा आवाज मी त्या तळघरात एमाच्या काठीतूनही क्वचितच ऐकला होता. मेपलवरचे कावळे उडाले. चेंडू पार टोकाच्या कुंपणापाशी जाऊन पडला.

मास्तर तसाच उभा. मी वाट बघतोय तो 'भरीव' म्हणेल. तो बोटं हलवत होता, मागे बांधलेल्या हातांची.

मग म्हणाला, "अरे मार ना! प्रार्थना करतोयस का?"

मी टोपलीतून दुसरा चेंडू काढला, ठेवला, मारला. तो कडेला लागून तिरका गेला. त्यानंतर मी तिसरा ठेवला नाही. बराच वेळ झाल्यावर तो वळला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मैदानाकडे बघितलं. साफ केलेलं हिरवं मैदान, आणि त्यावर दोन पांढरे चेंडू.

"पहिला कसा होता?"

मी मोठ्याने, ओठ हलवून सांगितलं, "भरीव."

"आणि दुसरा?"

"पोकळ."

तो हसला. "म्हाताऱ्या, जन्मात पहिला मारलास आणि भरीव मारलास. आणि मी नाही ऐकला."

मी कोणापुढे कधी हात पसरले नाहीत. त्या दिवशी मी त्याचा दंड धरला. म्हटलं, "मास्तर, कोणी बघितलं नाही. क्लबात आज कोणी नाही. मी कोणाला बोलणार नाही. अजून एक वर्ष काढ. पोरं सांभाळतात तुला, रायन सांभाळतो. मी येऊन बसतो रोज, बोट वर केलं की भरीव, बोट खाली की पोकळ." मी बोलताना तो माझ्या ओठांकडे नीट बघत होता, एकही शब्द सुटू नये म्हणून. सगळं बघून झाल्यावर म्हणाला, "एमाचा चेंडू हलला तेव्हाही कोणी बघितलं नव्हतं."

त्याने काठी माझ्याकडून घेतली, पुसली, पिशवीत घातली. तिथूनच विद्यापीठाच्या ऑफिसात गेला आणि स्वतःहून सांगून आला. त्यांनी सोहळा करू म्हटलं, तो नको म्हणाला. संघ रायनकडे गेला. रायनने मला सांगितलं की ऑफिसात तो फक्त एवढंच बोलला, मला चेंडू ऐकू येत नाही. तिथल्या बाईंना कळेना, त्या म्हणाल्या, चेंडू तर बघायचा असतो ना?

लिनेट न्यायला आली. दोन दिवसांत तिने घर आवरलं. दुसरी खुर्ची तिने मला घेऊन जा म्हटलं. मी म्हटलं, बेसमेंटमध्ये जागा नाही. जागा होती.

विमानतळावर माझ्या मुलाने सोडलं. लिनेट सामानाच्या रांगेत असताना आम्ही दोघे बाकावर बसलो. मी त्याच्या खिशाकडे बोट दाखवलं. डबी तिथेच होती. "घाल की आता," मी ओठ हलवून म्हटलं. "आता कुठले चेंडू?"

"तिथे पोचल्यावर घालीन," तो म्हणाला. "तिथे ऐकायला माणसंच आहेत."

वेळ झाली. त्याने माझ्या हातात सुकेळीचं पाकीट ठेवलं, अर्धं संपलेलं. मिठी वगैरे आम्ही मारली नाही, आम्हाला तसं येत नाही. लिनेट त्याचा हात धरून तपासणीच्या रांगेत गेली. ती दोघं रांगेसाठी ओढलेल्या पट्ट्यांच्या पलीकडे वळली तेव्हा मला आठवलं की मी त्याला नीट काही बोललोच नाही. मी हाक मारली. केळीच्या बागेच्या ह्या टोकावरून त्या टोकाला मारतात तशी.

"ए मास्तर!"

अख्खी रांग वळली. पोलीस वळला. लिनेट वळली नाही, ती ट्रेमध्ये सामान ठेवत होती. आणि तो वळला नाही. पांढरी टोपी, हात मागे बांधलेले, समोर बघत.

पुढे सरकायची त्याची पाळी आली. आत जाण्याआधी तो जरासा थांबला, आणि मागे न बघता एक हात सरळ वर केला. चेंडू सापडला की आगेवाला करतो तसा. मी अजून उभा आहे की गेलो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मीही हात वर केला. त्याची पाठच होती माझ्याकडे.